सोळा लाडू

"बाई, हे वाक्य माझं नाही," शेडगे म्हणाले आणि त्यांनी टाइप केलेलं पान माझ्या यंत्रावर आडवं ठेवलं.

कऱ्हाडच्या कचेरीसमोर टायपिंगचं टेबल लावून मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. चुका काढायला येणारी माणसं मला नवीन नव्हती. बहुतेक वेळा चूक त्यांचीच असायची. स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात वडिलांचं नाव चुकीचं लिहून आणतील आणि टाइप झाल्यावर माझ्यावर डोळे वटारतील. माझी चूक मात्र कुणी दाखवावी आणि पैज जिंकावी, असा माझा तोरा होता. लोक त्याला शालन माळवदेचा माज म्हणत, आणि त्यात फार खोटं नव्हतं.

"तुमचं अक्षर आहे हे," मी त्यांचं हस्तलिखित पुढे ओढत म्हटलं. "माझं काम फक्त टाइप करायचं. दाखवा कुठलं वाक्य."

त्यांनी बोट ठेवलं. हस्तलिखितात निळ्या शाईत लिहिलं होतं, 'म्हाताऱ्याच्या मांडीवर एक पिशवी होती.' आणि माझ्या पानावर काळ्या शाईत, तिन्ही कार्बन प्रतींसकट, उमटलं होतं, 'म्हाताऱ्याच्या मांडीवर पोपटाचं चित्र असलेला पत्र्याचा डबा होता, झाकण साडीच्या काठानं बांधलेलं.'

मी दोन्ही पानं तीनदा ताडून पाहिली. माझे कान तापले. एखादी वेलांटी चुकली असती तर मी समजू शकले असते. हे तर अख्खं वाक्यच मी मनाने घातलेलं होतं, आणि ते घातल्याचं मला आठवतही नव्हतं. टाइप करताना मी वाचत नाही. वाचायला लागलं की बोटं अडखळतात, म्हणून डोळ्यांनी उचलायचं आणि बोटांनी ठेवायचं, मध्ये डोकं आणायचं नाही, असंच आम्हाला शिकवलेलं असतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे शब्द मला जड गेले. "पान परत टाइप करून देते. आत्ता देते."

"चुकलं नाही, तीच तर पंचाईत आहे," शेडगे म्हणाले. ते समोरच्या बाकावर बसले. साठीचा माणूस, पाटणला राहणारा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, उन्हाने रापलेला. "डबा तसाच होता. पोपटाचाच. मी मुद्दाम त्याची पिशवी केली, कुणाला ओळख पटायला नको म्हणून. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी हस्तलिखित पुन्हा चाळू लागले.

शेडग्यांची ती पहिलीच कादंबरी. चिपळूणहून कऱ्हाडला येणारी एक एसटी आणि तिच्यातली माणसं, प्रत्येक प्रकरणात एक प्रवासी. कुणी कुणाला ओळखत नाही, पण याच्या हातून काहीतरी घडतं आणि त्याचे पडसाद त्याच्या घरी उमटतात, दोघांनाही पत्ता नसतो, अशी सगळी गुंफण त्यांनीच मला सांगितलेली. दर आठवड्याला ते एक प्रकरण आणून देत आणि मी टाइप करत असे. खरं सांगायचं तर मला ते सगळं ओढूनताणून आणलेलं वाटायचं. ओळख ना देख, आणि म्हणे एकाच्या हसण्याने दुसऱ्याचं नशीब फिरलं!

"ही गाडी खरी होती?" मी विचारलं.

"गाडी खरी. बाकीचे प्रवासी निम्मे खरे, निम्मे रचलेले. हा म्हातारा मात्र पुरता खरा. मी त्याच्या शेजारी बसलो होतो."

"कधी?"

"आठ वर्षं झाली. मार्गशीर्षातला बुधवार होता. त्याचं पुढचं प्रकरण लिहायला घेतलंय, पण आठवडाभर पेन सरकत नाही. म्हातारा गाडीतच गेला हो."

"ते माझे वडील होते," मी म्हणाले. "डबा आमच्या घरी आहे. फळीवर."

त्यांचा हात कपाळाशी गेला. समोरून कुणीतरी प्रतिज्ञापत्राचा कागद घेऊन आलं, त्याला मी संध्याकाळी ये म्हणून हाकललं.

माझं त्या डब्याशी काय वैर होतं ते सांगायला हवं. मी बावीस वर्षांची असताना चिपळूणचं एक स्थळ आलं. कापडाचं मोठं दुकान, मुलगा बिजवर, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. मला ते नको होतं. आईला हवं होतं. बापूकाकांना, वडिलांच्या धाकट्या भावाला, तर फारच हवं होतं, कारण स्थळ त्यांनीच आणलेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, काहीच बोलत नव्हते. शाळेत कारकुनी करून त्यांना ऐकून घ्यायची सवय झाली होती. शेवटी ठरलं की त्यांनी चिपळूणला जाऊन समोरासमोर बोलावं. आईने एकवीस बेसनाचे लाडू केले, डब्यात भरले, जुन्या लुगड्याच्या काठाने झाकण बांधलं आणि म्हणाली, "जमलं तर तिथंच सगळ्यांचं तोंड गोड करा. नाही जमलं तर डबा जसाच्या तसा परत आणा." आमच्याकडे हीच रीत. मोडलेल्या सोयरिकीचा गोड घास कुणी कुणाला देत नाही.

निघताना अण्णा माझ्याशी बोलायला आले. मी तोंड फिरवलं आणि म्हटलं, "जा. विकून या मला."

ते काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी बापूकाका पाटणच्या दवाखान्यातून त्यांना घेऊन आले. छत्री, कोट आणि डबा वेगळ्या बोचक्यात होती. तेरा दिवस झाल्यावर आईने काठ सोडला. डब्यात पाच लाडू होते. ते तिने गाईला घातले आणि सगळ्या घराने एकमताने ठरवलं की बाकीचे सोळा चिपळूणला वाटले गेले. म्हणजे जमलं. म्हणजे अण्णांनी शब्द दिला. बापूकाकांनी चिपळूणला पत्र टाकलं, 'दादांच्या शब्दाप्रमाणे वर्षाच्या आत लग्न करून देऊ,' आणि तिकडून उत्तर आलं, 'आमची तयारी आहे.' चालून आलेल्या लक्ष्मीला नाही कोण म्हणेल?

मी म्हटलं. मी नाही म्हटलं आणि टायपिंग शिकले. तेव्हापासून बापूकाका आमच्या घरची पायरी चढले नाहीत आणि आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. भाकरी झाली, पाणी आलं, दार लाव. मेलेल्या बापाचा शब्द मोडणारी मुलगी, ही माझी घरातली ओळख होती. मला त्याहून जास्त टोचायचं ते वेगळंच. मी विकून या म्हटलं आणि अण्णांनी खरंच विकलं, हे मला आठ वर्षं गिळता आलं नव्हतं.

"लाडू कुठे गेले?" मी शेडग्यांना विचारलं. प्रश्न पोलिसासारखा निघाला.

"खाल्ले," ते म्हणाले. "आम्ही खाल्ले. गाडीतल्या माणसांनी."

"कुणी दिले?"

"त्यांनीच. ऐका, मी हेळवाकला चढलो. धरणाच्या कामावर होतो तेव्हा. गाडी अर्धी रिकामी होती. मी शेजारी टेकलो न टेकलो तोच त्यांनी काठाची गाठ सोडली आणि डबा पुढं केला. म्हटलं, कसले हो लाडू? तर म्हणाले, मोडलेल्या लग्नाचे."

"मोडलेल्या?"

"अगदी हेच शब्द. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तर म्हणाले, चिपळुणात पोरीचं ठरवायला गेलो होतो, नाही म्हणून आलो. माणसं चांगली आहेत, पण पोरीचं मन नाही. आता हे ओझं घरापर्यंत कशाला न्यायचं, घ्या."

मी यंत्राचा दांडा उगीच सरकवला. घंटी वाजली.

"मग मी एक घेतला," शेडगे सांगत होते. "मागं एक बाई लेकराला घेऊन बसली होती, तिला दोन दिले. दोघं गवंडी होते. कॉलेजची काही पोरं होती, ती तर तुटूनच पडली. कंडक्टरनं एक स्वतः खाल्ला आणि एक ड्रायव्हरला भरवला. ड्रायव्हर म्हणतो, लग्न जमल्याचे पुष्कळ खाल्ले, मोडल्याचा पहिलाच. सगळी गाडी हसत होती."

"अण्णा?"

"ते सगळ्यांत जास्त. मी विचारलं, पोरगी काय म्हणाली होती? तर म्हणाले, मला म्हणाली, विकून या." शेडगे माझ्याकडे न बघता बोलले. "आणि पुढं म्हणाले, असल्या जिभेची पोरगी विकायला काढली तरी घेणार कोण? कुणाला परवडायचंय?"

मी हसले आणि त्याच वेळी रडलेसुद्धा. कचेरीसमोर, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. 'विकून या' हे अण्णांनी आणि आईने, फक्त दोघांनीच ऐकलेलं होतं. शेडग्यांना ते रचता येणं शक्यच नव्हतं.

"पाच लाडू कसे उरले?" डोळे पुसून मी विचारलं. आता मला सगळंच हवं होतं, कणाकणाने.

"ते त्यांनी मुद्दाम ठेवले. म्हणाले, डबा रिकामा नेला तर घरी वाटेल जमलं. मी म्हटलं, अहो पण सोळा कमी झालेले दिसणारच की, घरी काय सांगाल? तर म्हणाले, मी आहे की सांगायला."

मी दोघांसाठी चहा सांगितला.

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. अण्णांचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. म्हातारा दमलाय, झोपू दे, असं म्हणून ते हललेही नाहीत. पाटणला गाडी थांबल्यावर कळलं. त्यांनी आणि कंडक्टरने उतरवलं, दवाखान्यात नेलं. तिथे त्यांनी नाव-गाव शोधायला कोटाचे खिसे पाहिले; सापडलेलं नाव पुढे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मग तारेच्या ऑफिसात तार करून ते आपल्या कामाला निघून गेले, कारण धरणावर साहेब येणार होता. "लाडवांचं सांगायला हवं असं डोक्यातच आलं नाही," ते म्हणाले. "लाडवांचं काय सांगायचं, असंच वाटलं. गाडीतल्या सोळा माणसांना ठाऊक होतं हो, पोरीचं लग्न मोडलंय म्हणून. ओळखीचं ना पाळखीचं. फक्त तुमच्या घरी ठाऊक नव्हतं."

"उद्या घरी या," मी म्हटलं. "आईला सांगा. हे माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. आई सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. मी ओळख करून दिली, चहा टाकला आणि दाराशी उभी राहिले. शेडग्यांनी सगळं सांगितलं, हेळवाकपासून पाटणपर्यंत. आईने मध्ये एकदाही मान वर केली नाही. खडे वेचून बाजूला ठेवत राहिली. त्यांचं संपल्यावर म्हणाली, "काय करता तुम्ही?"

"निवृत्त आहे. एक कादंबरी लिहितोय. शालनताईच टाइप करतात."

"कादंबरी." आईने सूप खाली ठेवलं. "मग तुम्हाला रचायला काय लागतंय? हिनं सांगितलं, तुम्ही रचलं. ते 'विकून या'सुद्धा हिनंच सांगितलं असंल. भाऊ, तुम्ही भले दिसता. चहा घ्या आणि जावा."

एवढं ऐकून मी थंडच झाले. आठ वर्षांनी साक्षीदार मिळाला आणि तोही नेमका कादंबरीकार! गवंडी मिळाला असता तर तिने ऐकलं असतं.

शेडगे मात्र उठले नाहीत. बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "वहिनी, एक राहिलं. रागावू नका. लाडू करपलेले होते."

आईने मान वर केली.

"बेसन तळाशी लागलेलं होतं," ते म्हणाले. "मी घास घेतला आणि माझं तोंड जरा वाकडं झालं असेल. त्यांनी पाहिलं. म्हणाले, समजून घ्या, करपलेत थोडे. आतल्या खोलीत पोरगी रडत होती, आणि भाजणारीचं लक्ष कढईत नव्हतं."

हे मला माहीत नव्हतं. बापूकाकांना माहीत नव्हतं. आमच्या घरात त्या लाडवांतला एकही कुणी खाल्लेला नव्हता. आईने सुपाच्या कडेवर हात ठेवला.

"चिपळूणला दिले असते, तर त्यांनी नावं ठेवली असती," ती हळूच म्हणाली. "मला धास्ती होती. पत्र आलं तेव्हासुद्धा मला नवल वाटलं, लाडवांचं कुणी काहीच कसं लिहिलं नाही. नकार मिळालेला असूनसुद्धा आमचं पत्र बघून त्यांनी मुकाट हो म्हटलं तर."

शेडगे उभे राहिले. कादंबरीत हे सगळं घालायला आमची हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हरकत नाही म्हटलं. आईने तर ऐकलंच नाही. ते नमस्कार करून गेले.

मी वाट बघत होते. आता आई मला जवळ घेईल, निदान माझं नाव घेऊन हाक मारेल. मी त्या क्षणाची आठ वर्षं तालीम केली होती. आई बोलली, पण भिंतीकडे बघून बोलली.

"चार दिवस ते छातीत जळजळतंय म्हणत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, पित्त आहे. लिंबू-साखर घ्या आणि जाऊन या. त्यांना जायचंच नव्हतं गं. माझ्यापुढं नाही म्हणता आलं नाही, म्हणून तिथं जाऊन नाही म्हणाले."

मी खाली बसले.

"शब्द दिला, असं धरून चालले होते मी. निदान काही करून गेले, असं वाटायचं. तू मोडलास म्हणून तुझ्यावर राग काढायचे, तेवढंच बरं वाटायचं. आता तुझ्याकडं काही उरलंच नाही. सगळं माझ्याकडंच आलं." मग एकदम माझा दंड धरून ती म्हणाली, "शालन, ते माझ्यावर रागावले होते का? गाडीत काही बोलले का माझं? जा, पळ, त्यांना विचारून ये."

मी अनवाणी पळाले. बाजारपेठ ओलांडून थेट स्टँडवर. शेडग्यांची पाटण गाडी फाटकातून बाहेर पडत होती, मी हात केला, हाका मारल्या, पण ड्रायव्हरने काही पाहिलं नाही. गाडी धुरळा उडवत वळली आणि मी तिथे धापा टाकत उभी राहिले. त्यांना पत्र घालता आलं असतं. पुढच्या आठवड्यात ते प्रकरण घेऊन येणारच होते, तेव्हा विचारता आलं असतं. पण ते काय सांगतील याची मला भीती वाटली, आणि आई उंबऱ्यात उभी असेल हे मला ठाऊक होतं.

मी परत गेले. आई खरंच उंबऱ्यात होती, सुपातले तांदूळ तसेच टाकून.

"भेटले?" तिने विचारलं.

"भेटले," मी म्हणाले. "मुळीच रागावले नव्हते म्हणाले. उलट म्हणत होते, घरी गेल्यावर हिची समजूत काढतो. चांगली आहे म्हणाले. करपलेलं असलं तरी हातचं चांगलं आहे म्हणाले."

आईने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "चपला तरी घालायच्या होत्यास." मग आतून तांब्या आणून तिने माझ्या पायांवर पाणी घातलं. मी नको म्हणत होते, तिने ऐकलं नाही.

शेडग्यांना मी तो प्रश्न कधीच विचारला नाही. कादंबरी दीड वर्षाने छापून आली. आईला धड वाचता येत नव्हतं, म्हणून ते प्रकरण मी तिला वाचून दाखवलं. हेळवाक, डबा, गवंडी, कंडक्टर, ड्रायव्हर, सगळं होतं. लाडू करपलेलेही होते. आईने शेवटपर्यंत ऐकलं, मग पुस्तक माझ्या हातातून घेऊन उगीच उलटसुलट करून पाहिलं.

"माझ्याबद्दल ते चांगलं बोलले होते, तेवढंच राहिलं बघ त्यांचं लिहायचं," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "तेवढं राहिलं."